खुलं पत्र: आमच्या शेडचं वय बघू नका, आत काय बनतंय ते बघा

प्रति,
मा. उद्योगमंत्री, उद्योग विभागाचे सचिव, आणि लघुउद्योगांच्या योजना आखणारे मुंबईतले नि दिल्लीतले सगळे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक छोटं मशीनशॉप चालवते. बाबांनी १९८९ साली उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक सेकंडहँड लेथ टाकून सुरुवात केली, मग शिरोलीला शेड झालं, आज आमच्याकडे दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी मशिनं), तीन साधे लेथ, एक रेडियल ड्रिल आणि चौदा माणसं आहेत. फाउंड्रीतनं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशिनवर अचूक मापात आणून पुढं देतो. आमच्या पट्ट्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असं कुठंही जा, आमच्यासारखी शेकडो शेडं दिसतील.

हे पत्र लिहायचं कारण सांगते. मध्यंतरी आमच्या भागात एक उद्योजक मेळावा झाला. विषय होता लघुउद्योगातलं नावीन्य. मी आमच्या फिटर मामांना मुद्दाम सोबत घेऊन गेले होते कारण माझ्या दृष्टीनं या विषयावर आमच्या शेडमध्ये बोलायचा हक्क सगळ्यात जास्त त्यांचा आहे. व्यासपीठावरून एक मोठे अधिकारी म्हणाले की महाराष्ट्रातला लघुउद्योजक जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं काम मजुरीवर करून देण्याच्या, बाहेर विचारच करत नाही, त्याच्यात नावीन्याची मानसिकता नाही, ती तयार करायला पाहिजे. टाळ्या पण पडल्या. परत येताना गाडीत मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ताई, आपल्यात मानसिकता न्हाई म्हंजे काय म्हणायचं हुतं त्यास्नी?" मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.

त्याच आठवड्यात मी नवकल्पनांना मदत देणाऱ्या एका योजनेचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसले. संस्थेचा प्रकार या रकान्यात प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी एवढंच होतं. आमची मालकी फर्म आहे, प्रोप्रायटरशिप, तो पर्यायच नाही. पुढं स्थापनेचं वर्ष १९८९ टाकलं तर फॉर्म पुढंच सरकेना. हेल्पलाइनला फोन केला तर तिकडची मुलगी सौजन्यानं म्हणाली मॅडम तुम्ही नवीन कंपनी काढून अर्ज करा. म्हणजे छत्तीस-सदतीस वर्षं ज्या नावावर आम्ही माणसं सांभाळली, कर भरला, ते नाव बाजूला ठेवायचं आणि कालच जन्मलोय असं दाखवायचं. शिवाय जुना धंदा फोडून नवीन नावानं काढला तर तो स्टार्टअप धरत नाहीत असंही नियमात लिहिलंय. मग आम्ही जायचं कुठं?

आमच्याकडं नावीन्य कसं घडतं ते आधी सांगते, कारण मला मनापासून वाटतं की तुमच्यापर्यंत ते कुणी नीट पोचवलेलंच नाही.

मामांची बायको, आम्ही त्यांना मामी म्हणतो, एका ऊस रोपवाटिकेत कामाला जातात. आमच्या भागात आता बरेच शेतकरी कांड्या न लावता ट्रेमध्ये वाढवलेली रोपं लावतात, त्यासाठी उसाचा एकेक डोळा, म्हणजे पेऱ्यावरचा कोंब, काढावा लागतो. ते काम बायका करतात, हातानं दाबायचं अर्धगोल पातं असतं, ऊस खाली ठेवायचा, डोळ्यावर पातं धरायचं आणि जोर लावायचा, दिवसभर. मामींचं मनगट संध्याकाळी सुजलेलं असायचं. आणि ऊस कधी जाड कधी बारीक, पेऱ्याजवळ थोडा वाकडा, त्यामुळं पातं सरकतं आणि डोळा चिरडतो, असा चिरडलेला डोळा ट्रेमध्ये लावला तर तिथं रोप येत नाही, कप रिकामा राहतो. हे मामांनी घरी बघितलं आणि एका सोमवारी, सोमवारी आमच्याकडं सुट्टी असते, ते शेडची किल्ली मागायला आले.

पुढचे सात-आठ महिने त्यांचे बरेच सोमवार डोळा काढायचं मशीन करण्यातच गेले. पायानं दाबायचं पायडल, ट्रकच्या जुन्या पाट्याचं पातं करून त्याला आमच्याच भट्टीवाल्याकडून हार्डनिंग (तापवून कडक करणं), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊस ठेवायची जागा. ती त्यांनी व्ही ब्लॉकसारखी, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेची, केली आणि खालनं स्प्रिंग दिली, म्हणजे ऊस जाड असो की बारीक तो आपोआप मधोमध बसतो आणि पातं डोळ्याच्या मागून बरोबर तेवढ्याच खोलीनं जातं. पहिला नमुना फसला कारण स्प्रिंग कडक झाली. दुसऱ्यात रस आणि चिपाडाचा भुगा आत जाऊन सरकणारा भाग अडकायला लागला, म्हणून खालून भुगा पडायला खाच ठेवली. तिसरा नमुना घेऊन आम्ही रोपवाटिकेत गेलो तर तिथल्या एक वयस्कर मावशी बसून बघून म्हणाल्या, "बाळा, पायडल लई वर हाय, माझा पाय पोचत न्हाई." मामांनी तिथंच खडूनं खूण केली, दुसऱ्या दिवशी तीन भोकं पाडली आणि पायडल वरखाली करायची सोय झाली. त्या मावशींनी ८६०३२ जातीच्या उसाचा एक अख्खा ढीग त्यावर संपवला आणि उठताना मनगट चोळलं नाही. मी तिथं उभी होते, ते बघितलं तेव्हा मला जे वाटलं ते इथं लिहून सांगता येणार नाही.

साहेब, याला कुठल्या भाषेत काय म्हणतात मला माहीत नाही. अडचण बघणं, उपाय करणं, फसणं, परत करणं, वापरणाऱ्याचं ऐकून बदलणं, हे सगळं त्या शेडमध्ये झालं. आणि त्या सोमवारांचा खर्च आमच्या हिशोबात कुठं गेला तर मजुरी आणि रिपेअर मेंटेनन्सखाली. देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे असं सरकारी अहवालात वाचलं, तो कमी आहे म्हणून सगळे हळहळतात, पण मामांचे सोमवार त्या आकड्यात कुठं बसत असतील असं मला वाटत नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते. राग आहे, पण कुणाचा अपमान करायचा नाही.

पहिली तक्रार वयाची, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी आहे. नावीन्य म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर स्टार्टअप येतो. स्टार्टअपना मदत मिळते त्याबद्दल आमची काही हरकत नाही, माझा चुलतभाऊच पुण्यात स्टार्टअपमध्ये आहे. पण मान्यता मिळायची तर धंदा साधारण दहा वर्षांच्या आतला पाहिजे, प्रोप्रायटरशिप चालत नाही. महाराष्ट्रात स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्यांना सरकारी कामाचं १५ लाखांपर्यंतचं वर्कऑर्डर द्यायची पद्धत २०१८ पासून सुरू झाली, किती चांगली कल्पना आहे ती, नवीन वस्तूला पहिलं गिऱ्हाईक सरकार! पण ते दार आमच्यासारख्यांना बंद. आमच्याच भागातला इतिहास बघा ना. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकान १८८८ सालचं. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष पसरेल, नांगर विकला जाईना. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं निवडुंगाचं माळरान त्यांना दिलं, १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा किर्लोस्करांच्या धंद्याला बावीस वर्षं झाली होती. आजचा तुमचा फॉर्म असता तर तो त्यांच्यासाठी पण पुढं सरकला नसता.

दुसरी तक्रार, आमच्या कल्पना आमच्याकडं राहत नाहीत. याची दोन उदाहरणं माझ्याच घरातली आहेत.

उसाचं ते मशीन आम्ही मोठ्या हौसेनं एका कृषी प्रदर्शनात नेलं. दोन दिवसात शेकडो शेतकरी बघून गेले, आम्ही खुशीत होतो, कोण विचारेल त्याला मामा खोलून दाखवत होते. पुढच्या हंगामात तसंच मशीन, तसाच स्प्रिंगवाला ब्लॉक, तीन भोकांसकट, बाहेरच्या एका उत्पादकाचं बाजारात आलं. मग मी पेटंटवाल्याकडं गेले. ते म्हणाले मॅडम अर्ज करायच्या आधी तुम्ही चारचौघात दाखवलं, आता ते कायद्यानं नवीन राहिलं नाही. सूट आहे, पण केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असेल आणि वर्षाच्या आत अर्ज केला तर. मी विचारलं हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं? त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं पण नाही. गेल्या काही वर्षात मी ज्या ज्या मेळाव्यांना बसले तिथं पेटंट घ्या पेटंट घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटले, पण प्रदर्शनात न्यायच्या आधी अर्ज करा एवढं साधं वाक्य कुणी बोललं नाही. आता मी ते एमआयडीसीत दिसेल त्याला सांगते.

दुसरं उदाहरण फिक्श्चरचं, म्हणजे काम चालू असताना मशीनवर भाग पक्का धरून ठेवायच्या साधनाचं. एका मोठ्या कस्टमरचा एक ब्रॅकेट आम्ही करायचो, दोन फेस आणि चार बोअर, दोन सेटिंगमध्ये व्हायचा. एकदा काढून परत लावला की बोअरची समांतरता थोडी जायची आणि रिजेक्शन यायचं. मामांनी आणि आमच्या व्हीएमसीच्या पोरानं मिळून फिरणारं फिक्श्चर केलं, एकदा क्लॅम्प केलं की टेबलावरच वळवून दोन्ही फेस, एकाच सेटिंगमध्ये. वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, रिजेक्शन थांबलं. ऑडिटला आलेल्या माणसानं कौतुक केलं, मोबाइलवर फोटो काढले, ड्रॉइंग मेल करा म्हणाला. आम्ही केलं. नाही म्हणायची सोय नव्हती, तोच ऑर्डर देतो. चार महिन्यांनी तेच फिक्श्चर दुसऱ्या व्हेंडरकडं लागलेलं मी डोळ्यांनी बघितलं, आणि आम्हाला पत्र आलं की तुमचा सायकल टाइम (एक नग व्हायला लागणारा वेळ) कमी झालाय तेव्हा रेट कमी करून द्या. त्या दिवशी व्हीएमसीचा पोरगा मला म्हणाला, "ताई, मग केलं कशाला आपण?" आता त्याच्या डोक्यात काही आलं तरी तो बोलत नाही, हे माझं सगळ्यात मोठं नुकसान आहे, रेट कमी झाला त्यापेक्षा मोठं.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आमचं नावच घेतलं नाही तेव्हा सगळा महाराष्ट्र बोलला, बोलायलाच पाहिजे होतं, २०१९ चं जीआय मानांकन (त्या भागाच्या खास वस्तूच्या नावाला कायद्याचं संरक्षण) हातात होतं म्हणून बोलायला बळ पण होतं. आमच्या शेडमधल्या जुगाडाला, म्हणजे या अशा सुधारणेला, तसलं कुठलंच मानांकन नाही. पेटंटसाठी जी पायरी लागते, म्हणजे जाणकारालाही सहज सुचणार नाही असं काही, ती पायरी फिक्श्चरसारख्या छोट्या सुधारणेला बऱ्याचदा गाठता येत नाही. जर्मनीत यासाठी १८९१ पासून वेगळा कायदा आहे, छोट्या सुधारणेला कमी मुदतीचं, स्वस्त आणि लवकर मिळणारं संरक्षण, त्याला युटिलिटी मॉडेल म्हणतात. चीनमध्ये आहे, जपानमध्ये आहे. आपल्याकडं २०११ साली केंद्रानं त्यावर चर्चेचा मसुदा काढला होता. तेव्हापासून एक पिढी आयटीआयतनं बाहेर पडून कामाला लागली, कायदा काही आला नाही.

तिसरी तक्रार पैशाची. लघुउद्योगाला मदत करायची तर अनुदानापेक्षा आधी आमचेच पैसे आम्हाला वेळेत मिळू द्या. २००६ च्या कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आयकरात पण ४३ब(ह) हे कलम आलं, वेळेत पैसे दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात आमची बिलं तीन-तीन महिने, चार-चार महिने लटकतात. तक्रार करायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, पण तक्रार करायची म्हणजे त्या कस्टमरचं नाव आपल्या हातानं लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याचं काम बंद. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगाच्या बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी सक्तीची केली, छान झालं, पण नोंदणी केली म्हणून बिल तिथं चढवायलाच पाहिजे असं नाही ना. तर सांगायचा मुद्दा असा की नवीन काही करून बघायला जो पैसा लागतो, चार चुकीचे नमुने करायचा पैसा, तो आमच्याकडं असतो, पण तो दुसऱ्याच्या खात्यात अडकलेला असतो. महिन्याच्या सात तारखेला पगार करायचे की नवीन स्प्रिंगा मागवायच्या? दरवेळी पगारच होतो आणि तेच बरोबर आहे.

बँकेचं थोडक्यात सांगते. लघुउद्योगाच्या कर्जाला मिळणारी सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची हमी १० कोटींपर्यंत गेली म्हणतात, पण बँक मशीनला कर्ज देते, कल्पनेला देत नाही, मॅनेजर चांगला असला तरी त्याच्याकडं तसा रकानाच नाही. यंत्र बदलायला १५ टक्के भांडवली अनुदान मिळायचं, ज्याला सगळे सीएलसीएसएस म्हणायचे, १ कोटीच्या गुंतवणुकीवर १५ लाखांपर्यंत, ते २०२० च्या मार्चनंतर आमच्यासारख्या सर्वसाधारण युनिटला बंद झालं. आमचं पहिलं सीएनसी त्यावरच आलं होतं. संशोधनाच्या खर्चावर आयकरात जी जास्तीची वजावट होती ती तर कधी आमच्यासाठी नव्हतीच, कारण ती कंपन्यांनाच होती, आणि २०२० पासून ती पण उरली नाही. आता संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना आलीय. वाचून आनंद झाला. त्यातला एक रुपया तरी शिरोलीच्या गटाराच्या या बाजूला येईल का, हा माझा खराच प्रश्न आहे.

चौथी गोष्ट चाचणीची. शेतीच्या अवजाराचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, अनुदान आहे काय? अनुदानाच्या यादीत यायचं तर मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. आम्ही एका केंद्राकडं मशीन पाठवायची चौकशी केली. फी, वाहतूक, तिथं माणूस ठेवायचा खर्च आणि वर नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. उसाची लागण काय सहीसाठी थांबत नाही, जुलै-ऑगस्टला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू, आणि रोपं तयार व्हायला महिनाभर तरी लागतो म्हणजे मशीन त्याच्या आधी रोपवाटिकेत पाहिजे. एक नंबर हुकला की अख्खा हंगाम गेला. कॉपी करणाऱ्याला चाचणीचं काही पडलेलं नसतं, तो विनाअनुदान स्वस्तात विकून मोकळा होतो.

पाचवी गोष्ट प्रशिक्षणाची, जास्त लांबवत नाही. हॉटेलात पंचतारांकित जेवण घालून इंग्रजी स्लाइड दाखवायचे कार्यक्रम आता पुरे. त्या पैशात आमच्या एमआयडीसीत एक थ्रीडी स्कॅनर, एक चांगलं सीएमएम (अचूक मापं घ्यायचं यंत्र) आणि ते चालवणारा माणूस संध्याकाळी आठपर्यंत बसवता येईल. दिवसा आम्ही उत्पादनात असतो, नवीन काही करायचं ते संध्याकाळी किंवा सुट्टीलाच होतं, आणि सरकारी सुविधा सहाला बंद होतात. केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत पेटंटला १ लाखापर्यंत परतावा आहे, पण परतावा, म्हणजे आधी आम्ही घालायचे आणि पेटंट मंजूर झाल्यावर मिळणार, त्याला काही वर्षं जातात. त्याच योजनेत नवकल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत आहे पण ती एखाद्या मान्य संस्थेमार्फत, सहसा कॉलेजमार्फत जायला लागतं. कॉलेजात गेलं की मामांना आधी विचारतात, शिक्षण किती? मामा सातवी पास आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत, एकही अशी नाही की ज्याला हजार कोटी लागतात.

राज्याच्या प्रत्येक नवोपक्रम योजनेत उद्यम नोंदणी (केंद्राची लघुउद्योग नोंदणी) असलेलं कुठलंही युनिट चालेल असं लिहा, मालकी फर्म असो, भागीदारी असो, स्थापनेचं वर्ष काही असो. वय धंद्याचं मोजू नका, वस्तूचं मोजा, की ही वस्तू गेल्या तीन वर्षांत नवीन केलीय का. आणि सरकारी पहिल्या ऑर्डरची जी सोय स्टार्टअपना आहे तीच आम्हाला द्या. आमच्या मशीनचे वीस नग कृषी विभागानं रोपवाटिकांत लावून बघितले असते तर मला प्रदर्शनात धावायची वेळच आली नसती.

प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातनं दोन दिवस पेटंट आणि डिझाइनची माहिती असणारा माणूस बसवा, मराठीत बोलणारा, जो एखाद्या फिटरला पण चहा पाजून समजावून सांगेल की दाखवायच्या आधी अर्ज कर. लघुउद्योगाला पेटंटची ऑनलाइन अर्ज फी १,६०० रुपयेच आहे, मोठ्या कंपनीला ८,००० आहे, हे आमच्या शेजारच्या दहा शेडमध्ये एकालाही माहीत नव्हतं, मी स्वतः विचारलंय. खरा खर्च वकिलाचा असतो, तो थेट त्याला आधी द्या, मंजुरीनंतरचा परतावा आमच्या कामाचा नाही. आणि राज्य सरकारनं दिल्लीला लिहून युटिलिटी मॉडेलचा कायदा मागावा.

कस्टमर आणि व्हेंडरच्या करारासाठी एक नमुना तयार करा, ज्यात स्पष्ट लिहिलेलं असेल की व्हेंडरनं स्वतःच्या खर्चानं केलेलं जिग, फिक्श्चर आणि त्याचं ड्रॉइंग त्याचंच, आणि त्याच्या सुधारणेमुळं जी बचत झाली त्यातला निम्मा वाटा निदान दोन वर्षं त्याला राहील. राज्य सरकारकडून जागा, करसवलत, वीजसवलत घेणाऱ्या मोठ्या उद्योगांना तो करार बंधनकारक करा. ते सवलत घेतात तेव्हा आम्हाला कामं देणार असं सांगूनच घेतात ना.

बिलांचं म्हणाल तर तक्रार आमच्याकडून करून घेऊ नका. जीएसटीत बिलाची तारीख तुमच्याकडं आहेच, पैसे आल्याची तारीख बँकेकडं आहे, दोन्ही जुळवून ४५ दिवस उलटले की नोटीस आपोआप गेली पाहिजे, आमचं नाव पुढं न येता. आणि आधी सरकारी महामंडळांनी आणि नगरपालिकांनी स्वतःची बिलं त्या मुदतीत द्यावीत.

चाचणीसाठी हंगामाच्या आधी राखीव तारखा ठेवा, लहान उत्पादकाला फी माफ करा, आणि जमलं तर चाचणी करणारी माणसंच शेतात येऊ देत. सामायिक सुविधा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चालू ठेवा, तासावर भाडं घ्या, आम्ही देऊ.

आणि मामांसारख्या माणसांसाठी काहीतरी करा. पुरस्कार मागत नाही मी. ज्या कामगाराच्या कल्पनेतून वस्तू झाली त्याचं नाव अर्जात संशोधक म्हणून घालायला मालकानं लाजू नये, सरकारनं विचारावं की शेडमध्ये हे कुणी केलं. आमच्या पेटंटच्या अर्जावर, कारण आम्ही ब्लॉकमध्ये परत सुधारणा करून आता नवीन अर्ज करतोय आणि यावेळी कुणाला दाखवलेलं नाही, पहिलं नाव मामांचं आहे. सही करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

व्हीएमसीच्या पोराला मी शब्द दिलाय की इथून पुढं त्यानं केलेलं फिक्श्चर कुणाला फोटो काढू देणार नाही, भले ऑर्डर जाऊ दे. हा शब्द मला किती दिवस पाळता येईल ते बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या मेळाव्यात जे अधिकारी बोलले त्यांना आणि तुम्हा सर्वांना आमच्याकडं यायचं आमंत्रण आहे. सोमवारी या. मशिनं बंद असतात, आवाज नसतो, निवांत बोलता येतं, आणि मामा त्या दिवशी हमखास शेडमध्येच असतात. आता त्यांनी हळदीच्या गड्ड्याची माती झाडायचं काहीतरी डोक्यात घेतलंय.

आपली,
एका मशीनशॉपची मालकीण
शिरोली एमआयडीसी, जि. कोल्हापूर